'सेट'ला मराठीत काय म्हणायचं? बसवणं, लावणं, की प्रत्येक ठिकाणी वेगळं?

नळस्टॉप | सोमवार, सकाळी १०:१४

'सेट'. रोमन लिपीत तीन अक्षरं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २०११मध्ये 'रन'ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं.

भाषांतर करणाऱ्याला या आकड्यांचा उपयोग शून्य. त्याचं अडतं वेगळ्याच जागी. एकाच पानावर 'सेट द टायमर', 'सेट ऑफ थ्री', 'लेट इट सेट' आणि 'सेट असाइड' येतात आणि चारही ठिकाणी 'सेट' ठोकून माणूस मोकळा होतो. मग 'तीन भांड्यांचा सेट घ्या, टायमर सेट करा आणि सेट झाल्यावर सेट करून ठेवा' असलं मराठी छापलं जातं.

आपापल्या क्षेत्रात लोक तोंडाने काय म्हणतात ते लिहा. 'प्रस्थापित करणे', 'निर्धारित करणे' कोशात आहेतच, ते इथे आणू नका.

---

पेठेतली खिडकी | सोमवार, ११:०२

४३० ऐकून घाबरायचं कारण नाही. मुळात शब्द दोन.

पहिला 'सिट'चा मुलगा. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. जुन्या इंग्रजीत सित्तन आणि सेत्तन. प्रयोजक रूप करायला आपण 'बस'ला 'व' जोडतो, त्यांनी स्वर बदलला. 'फॉल' आणि 'फेल' ही जोडी तशीच: झाड पडतं, लाकूडतोड्या ते पाडतो. 'लाय' आणि 'ले' हीसुद्धा. संस्कृतात सद् धातूचं प्रयोजक सादयति, तो 'सेट'चा सख्खा चुलतभाऊ. सदन, संसद, परिषद, उपनिषद सगळी त्याच घरातली. आपलं 'बसणे' मात्र दुसऱ्या घरचं, उपविशति वरून 'बैसणे' होत आलेलं. पण काम तंतोतंत तेच करतं.

म्हणून क्रियापद दिसलं की आधी 'बसवणे' लावून बघा. हाड बसवणं, अंगठीत खडा बसवणं, नाटक बसवणं, घडी बसवणं. 'हिज हार्ट इज सेट ऑन इट' तर जसंच्या तसं उतरतं: त्याचं मन त्यावरच बसलंय.

दुसरा शब्द 'टी सेट'मधला. तो लॅटिन 'सेक्ता'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. सेक्ता म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणाऱ्यांचा गट. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' तोच. त्यामागचा धातू 'मागून जाणे', संस्कृतात सच्, ज्यावरून सचिव. थोडक्यात, कपबशांचा सेट आणि मंत्रालयातले सचिव हे लांबचे नातलग.

दोन्हींचा उच्चार एक झाल्यावर ते एकमेकांत मिसळले. त्यामुळे सगळीच नामं दुसऱ्या शब्दाची नाहीत. 'सनसेट' क्रियापदाकडचा आहे.

---

खडीवाला | सोमवार, ११:२०

आणि सूर्याला कोण बसवतं?

---

पेठेतली खिडकी | सोमवार, ११:४१

कुणी नाही, तो आपला आपण बसतो. नियमाने तिथे 'सिट' हवं होतं. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला 'सेट्लगांग' म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणं. आपल्याकडे तो घरी जातो: वेदात 'अस्त' म्हणजे घर. पुढे इंग्रजीत 'सेट' अकर्मकही झालं, आणि भाषांतराचे अर्धे घोटाळे या अकर्मक 'सेट'मुळे होतात. सिमेंट सेट होतं, दही सेट होतं, तिथे बसवणारा कुणी नाही आणि बसणंही नाही.

---

तिखटमीठ | सोमवार, दुपारी १:३०

दही 'सेट' होत नाही हो, दही लागतं. दूध विरजतं आणि दही लागतं. 'लेट इट सेट'ला स्वयंपाकघरात निदान पाच क्रियापदं आहेत आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

आंबट होऊन घट्ट होतं ते लागणं. एक लिटर दूध उकळून ४० ते ४५ अंशांवर आणायचं, बोट दहा आकडे मोजेपर्यंत आत ठेवता आलं पाहिजे. त्यात चमचाभर विरजण. पुण्याच्या एप्रिलमध्ये पाच-सहा तासांत लागतं, डिसेंबरात दहा-बारा तास धरा. दूध फार गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी दूधच सापडतं. मध्येच भांडं हलवलं तर दही फुटून पाणी सुटतं. म्हणून 'सेट होताना हलवू नका'चं मराठी 'दही लागेपर्यंत भांडं हलवू नका' एवढंच.

आटून दाट होतं ते आळणं. पाक आळतो, बासुंदी आळते, पिठलं आळतं.

गार होऊन घट्ट होतं ते थिजणं. तूप थिजतं, खोबरेल थिजतं. पाण्याचा बर्फ होतो ते गोठणं.

वड्यांचं तर वेगळंच. नारळाच्या वड्यांचं मिश्रण कडेने सुटायला लागलं की तूप लावलेल्या ताटात थापायचं, आणि कोमट असतानाच सुरीने रेघा पाडायच्या. पूर्ण गार झाल्यावर पाडायला गेलात तर तुकडे. 'सेट झाल्या का?' असं नाही विचारत, 'वड्या पडल्या का?' असं विचारतात. पाक कच्चा राहिला तर पडत नाहीत आणि चमच्याने खाव्या लागतात.

पाककृतींच्या व्हिडिओंत या सगळ्याला 'सेट व्हायला ठेवा' म्हणतात, त्यात बघणाऱ्याचं नुकसान होतं. 'थिजू द्या' म्हटलं की गार जागा हवी हे कळतं, 'लागू द्या' म्हटलं की ऊब हवी हे कळतं. 'सेट'मध्ये दोन्ही पुसलं जातं.

---

इडलीपात्र | सोमवार, १:५२

आणि सेट डोसा? :)

---

तिखटमीठ | सोमवार, २:०५

तो सेक्तावाला. दोन किंवा तीन डोशांचा मिळून एक सेट, म्हणून ते नाव. घट्ट होण्याशी संबंध नाही.

एक राहिलं, जेलीसारखे पदार्थ. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांना थिजतं, म्हणजे ओट्यावरही चालतं, आणि पुन्हा पातळ व्हायला ८५च्या आसपास तापवावं लागतं. जिलेटिनला फ्रीज हवाच. त्यात ताजा अननस घातलात तर रात्रभर ठेवूनही थिजणार नाही, कारण अननसातलं विकर जिलेटिनमधलं प्रथिन तोडतं. अननस आधी शिजवून घ्या किंवा चायना ग्रास वापरा, त्यात प्रथिनच नाही.

आणि 'सेट द टेबल'चं मराठी 'पानं घ्या'. टेबलावर जेवत असलात तरी.

---

खडीवाला | सोमवार, रात्री ९:१८

सिमेंटचं मराठी सगळ्यात जास्त बिघडलंय, कारण 'सेट होणे'ला लोक 'वाळणे' म्हणतात. सिमेंट वाळत नाही. त्याची पाण्याशी रासायनिक प्रक्रिया होते, आणि ती चालू राहावी म्हणून तर आपण पाणी मारतो. 'वाळलं की पाणी मारा' हे वाक्यच उफराटं. साधं 'घट्ट झालं' म्हणा.

शिवाय 'सेटिंग' आणि 'हार्डनिंग' या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. सेटिंग म्हणजे माल लवचिक राहत नाही, आकार धरतो. हार्डनिंग म्हणजे ताकद येते, ती पुढे कित्येक दिवस येतच राहते. पहिल्याला घट्ट होणं, दुसऱ्याला मुरणं किंवा ताकद धरणं.

प्रयोगशाळेत हे विकाटच्या उपकरणावर मोजतात. ४० मिलिमीटर उंचीच्या साच्यात सिमेंटची लगदी भरायची आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई सोडायची. सुरुवातीला ती तळापर्यंत जाते. तळापासून साधारण ५ मिलिमीटरवर अडायला लागली की 'इनिशियल सेट'. 'फायनल सेट'साठी सुईला कडं असलेलं टोक लावतात. मधल्या सुईचा ठसा उमटतो पण कड्याचा उमटत नाही, तो क्षण. साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे पहिली वेळ ३० मिनिटांपेक्षा कमी नको आणि दुसरी ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको.

साइटवर याचा अर्थ: पाणी मिसळल्यापासून घड्याळ सुरू. माल कडक व्हायला लागल्यावर वरून पाणी ओतून फावड्याने फिरवला की तो पुन्हा मऊ दिसतो, पण धरलेली पकड तुटलेली असते. असा माल टाकून द्यायचा. लागेल तेवढाच कालवा, हे त्यावरचं खरं औषध.

दोन अपवादांचीही नावं 'सेट'वरूनच आहेत. 'फ्लॅश सेट'मध्ये माल मिनिटांत घट्ट होतो आणि चांगला तापतो. सिमेंटमध्ये जिप्सम कमी पडलं की असं होतं, कारण जिप्सम असतंच तो वेग रोखायला. हा माल वाया. 'फॉल्स सेट'मध्ये घट्ट होतो पण तापत नाही. सिमेंट दळताना जिप्सम जास्त तापून त्यातलं पाणी उडालेलं असतं. इथे पाणी न घालता नुसतं पुन्हा ढवळलं की माल पूर्ववत. दोन्हींना मराठीत 'लवकर सेट झालं' म्हटलं तर गवंड्याला कळणार कसं की टाकायचं की ढवळायचं? 'तापून घट्ट' आणि 'न तापता घट्ट' म्हणा.

अवांतर: 'सेंट्रिंग'ला काही जण 'सेटिंग' म्हणतात. संबंध नाही. तो शब्द 'सेंटरिंग'चा, कमानीखालच्या लाकडी आधाराचा.

---

वेळूवन | सोमवार, ९:४०

मग 'डॉक्टर सेट द बोन अँड वेटेड फॉर द प्लास्टर टू सेट' याचं काय?

---

खडीवाला | सोमवार, ९:५५

हाड बसवलं आणि प्लास्टर घट्ट व्हायची वाट पाहिली. प्लास्टरसुद्धा वाळून घट्ट होत नाही, पाणी धरून होतं, म्हणून हाताला ऊब लागते. नंतर दोन टोकं एक होतात ते हाड 'जुळणं', ते सेट नाही.

---

जुळारी | मंगळवार, सकाळी ८:०५

'बसवणे'चा नियम छापखान्यात मोडतो. 'टू सेट टाइप' म्हणजे खिळे जुळवणं. ते करणारा जुळारी. शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तरी शब्द टिकला. कुठल्याही मराठी पुस्तकाचं श्रेयपान उघडा, 'अक्षरजुळणी' दिसेल. 'टाइपसेटिंग'ला यापेक्षा चांगला शब्द इंग्रजीतही नाही.

'ऑफसेट'बद्दल गैरसमज फार. ओली शाई एका कागदावरून वरच्या कागदाच्या पाठीला लागते त्या दोषाला 'सेट-ऑफ' म्हणतात. ऑफसेट छपाईत हेच मुद्दाम करतात: मजकूर प्लेटवरून आधी रबरी ब्लँकेटवर उतरतो आणि तिथून कागदावर. म्हणून प्लेटवरची अक्षरं सुलटी वाचता येतात. ब्लँकेटवर उलटी आणि कागदावर पुन्हा सुलटी.

शाईचंही 'सेट' होणं आणि वाळणं वेगळं. आधी शाईतलं पातळ तेल कागद शोषून घेतो आणि शाई बोटाला लागेनाशी होते, ते सेट. मग उरलेली शाई हवेतल्या प्राणवायूने कडक होते, ते वाळणं. आर्ट पेपरवर पहिली पायरी झाली म्हणून लगेच कटिंगला घेतलं की दाबाखाली डाग पडतात. छापखान्यात पहिल्याला 'शाई बसली' म्हणता येतं. खिडकीताई, इथे तुमचं बसणं चाललं.

---

वकीलपत्र | मंगळवार, ९:३०

कायद्यातली चूक महागात पडते, म्हणून थोडक्यात.

'द ऑर्डर इज सेट असाइड' म्हणजे आदेश बाजूला ठेवला नव्हे. आदेश रद्द केला. बाजूला ठेवलेली वस्तू उद्या परत उचलता येते, हा आदेश संपला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ मध्ये एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायची तरतूद आहे, तिथे हाच शब्द आहे. 'स्टे' म्हणजे स्थगिती, ती वेगळी.

'सेट-ऑफ' म्हणजे वजावट. दाव्यातल्या रकमेतून प्रतिवादीचं येणं वजा करणं, आणि शिक्षेतून कच्च्या कैदेचे दिवस वजा करणं, दोन्हीकडे वजावटच.

बांधकाम नियमावलीतला 'सेटबॅक' म्हणजे पीछेहाट नव्हे :) इमारत आणि हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा. कागदोपत्री 'सामासिक अंतर', बोलताना 'मार्जिन'.

---

अर्धविराम | मंगळवार, ११:१५

मोबाइल-संगणकाच्या मराठीकरणात 'सेट' हा सर्वांत घातकी शब्द, कारण तिथे वाक्य नसतंच, सुटा शब्द येतो. 'अलार्म सेट' एवढंच. हे 'गजर लावा' आहे, 'गजर लावला' आहे, की 'गजरांचा संच'? इंग्रजीत भूतकाळाचं रूपही 'सेट'च. जुन्या इंग्रजीत 'सेत्ते' होतं, शेवटचा स्वर गळला आणि पुट, कट, हिटच्या पंगतीत जाऊन बसलं.

ओळखायची युक्ती क्रमाने बघा. कर्ता 'ही', 'शी' किंवा 'इट' असेल आणि 'सेट'ला एस नसेल तर भूतकाळ. मागे 'इज' किंवा 'हॅज बीन' असेल तर 'झालं आहे'. पुढे 'ऑफ' आला तर बहुधा नाम, मात्र 'सेट ऑफ'मध्ये 'ऑफ'ला दोन एफ असतील तर क्रियापद: निघणं किंवा उडवून देणं. 'सेटअप' जोडून असेल तर नाम, तोडून असेल तर क्रियापद. यातलं काहीच नसेल तर ती ओळ पडद्यावर कुठे दिसते ते विचारल्याशिवाय हात लावू नका. बटण असेल तर आज्ञा, वर पट्टीत चमकून जात असेल तर झालेली गोष्ट.

क्रियापद ठरलं की कर्म बघायचं. गजर, टायमर, पासवर्ड, सापळा, कवितेला चाल: लावणं. तारीख, किंमत, मर्यादा: ठरवणं. प्रश्नपत्रिका: काढणं. पाऊल: ठेवणं. कित्ता: घालून देणं. विक्रम: करणं, 'प्रस्थापित' नाही केलं तरी विक्रमच राहतो.

---

पेठेतली खिडकी | मंगळवार, ११:५०

मान्य. 'लावणे' माझ्या 'बसवणे'पेक्षा जास्त ठिकाणी चालतं. एक फरक मात्र लक्षात घ्या: रंगभूमीवर 'नाटक बसवणं' म्हणजे तालमी घेऊन उभं करणं आणि 'सेट लावणं' म्हणजे प्रयोगाआधी भिंती-दारं रंगमंचावर उभी करणं. उलट करून बघा, 'सेट बसवला, नाटक लावलं', तर दुसऱ्याचा अर्थ थेट टीव्ही चालू केला असा होतो.

---

शटल | मंगळवार, दुपारी ४:२०

खेळातलं एक. टेनिसमध्ये सेट असतो: सहा गेम आणि दोनची आघाडी, ६-६ झाले तर टायब्रेक. बॅडमिंटनमध्ये अधिकृतपणे सेट नसतो, २१ गुणांचा 'गेम' असतो. तरी पुण्यातल्या प्रत्येक हॉलमध्ये 'पहिला सेट कुणाचा?' हेच ऐकू येतं. त्यातली गंमत अशी की बॅडमिंटनला 'सेटिंग' हा स्वतःचा शब्द होता. जुन्या १५ गुणांच्या पद्धतीत १४-१४ झालं की आधी १४ला पोचलेल्याला गेम तीन गुणांनी वाढवायचा हक्क होता, त्याला 'सेट करणं' म्हणत. २००६मध्ये २१ गुणांची पद्धत आली आणि ते गेलं. आता २०-२०ला दोनची आघाडी हवी, कमाल ३०. आणि हा खेळ इंग्रज लष्करात 'पूना' नावानेही ओळखला जायचा, म्हणून अवांतर समजू नये.

---

फळा-खडू | मंगळवार, संध्याकाळी ६:००

गणितात संच, नववीच्या पुस्तकातला. पण रोजच्या सेटपेक्षा हा वेगळा वागतो, ते शिकवताना सांगावं लागतं. महिरपी कंसात घटक लिहिले की क्रमाला किंमत नाही आणि तोच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच धरायचा. सहा सारख्या कपांचा सेट गणिताच्या हिशोबाने 'कप' या एकाच घटकाचा ठरेल, जर कप एकमेकांपासून वेगळे ओळखले नाहीत तर. आणि रिक्त संच हाही संच. दुकानात रिकाम्या खोक्याला कुणी सेट म्हणणार नाही.

'सेट-नेट'मधला सेट यातला कुठलाच नाही. ते आद्याक्षरांचं नाव आहे, राज्य पात्रता परीक्षेचं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. 'सेट झाली का?' आणि 'सेटल झालास का?' यांतलं अंतर प्राध्यापकांनाच विचारा.

---

रंधा | मंगळवार, रात्री १०:१०

सुतारकामातला 'सेट' कुणी लिहिला नाही. करवतीचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, तो सेट. त्यामुळे खाच पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. वाकवायचा दाताचा फक्त वरचा भाग, उंचीच्या निम्म्याहून कमी. मुळातून वाकवला तर दात तुटतो. ओल्या लाकडाला जास्त वाक, वाळलेल्या कठीण लाकडाला कमी. एका बाजूचा वाक जास्त झाला तर करवत रेघ सोडून त्याच बाजूला ओढते. हाताचा दोष समजून लोक मनगट बदलत बसतात. आधी सेट करायचा, मग कानस मारायची.

भाषांतरात 'दातांचा संच' लिहिलेलं वाचलं की कवळी डोळ्यासमोर येते. दातांचा वाक लिहा.

---

नळस्टॉप | बुधवार, सकाळी ९:०५

भरपूर झालं, आभार. एकच उरलं. कामाच्या शेवटी पडद्यावर येणारं 'यू आर ऑल सेट!' याला काय? 'तुम्ही सर्व सेट आहात' हे आत्ता चालू आहे.

---

अर्धविराम | बुधवार, ९:२०

'झालं!' उद्गारचिन्हासकट. जागा जास्त असेल तर 'सगळं तयार आहे'.

---

तिखटमीठ | बुधवार, ९:२६

'पानं घेतली आहेत' :)